आधी फिलर प्लग सुटतोय का ते बघा

जुन्या जीपचं गिअर ऑईल बदलताना खालचा ड्रेन प्लग (जुनं ऑईल सोडायचं बूच) आधी काढा, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. आधी बाजूचा फिलर प्लग (नवं ऑईल भरायच्या भोकाचं बूच) सोडवा. आमच्या बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात तो गंजून असा धरतो की पान्याने कडा गोल होतात. मग जुनं ऑईल खाली गेलेलं, नवं भरायला वाट नाही आणि गाडी हलवायची सोय नाही. माझा अख्खा रविवार त्यात गेलाय.

जांबोटीकडे ओढ्यातून गाडी घातली असेल तर डिफरन्शिअल (आसावरचा, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा, थोडक्यात डिफ) नक्की तपासा. त्याचं तापलेलं हाऊसिंग (बाहेरचं कवच) गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची वाट) तुंबलेला असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. माझ्या मागच्या डिफमधून दुधाच्या चहासारखं ऑईल निघालं होतं. नुसतं ऑईल बदलून भागत नाही, ब्रीदरही साफ करा.

डिफला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल ठीक. पण गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्या) असतील आणि मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल, तर तेच घाला. गाडी सपाट जागी ठेवून, फिलरच्या भोकातून ओघळ येईपर्यंत भरा.