भातशेतीच्या झोन बदलाची नोटीस आली आहे, हरकत कशी घ्यायची? (पेडणे, गोवा)

मोरड: नमस्कार. गावच्या भातशेतीचा एक सर्व्हे नंबर सेटलमेंट (वस्तीच्या) झोनमध्ये घालायची नोटीस राजपत्रात आली आहे, कलम ३९अ खाली. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जमीन इको-१ मध्ये, म्हणजे विकासाला मनाई असलेल्या पट्ट्यात आहे. पंचायत म्हणते आमच्या हातात काही नाही. मग हरकत कुणाकडे द्यायची? ग्रामसभेचा ठराव पुरेल का?

नकाशेवाला: पंचायत म्हणते ते खरं आहे. नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ प्रमाणे झोन बदलायचा अधिकार तिला नाही. मालकाचा अर्ज नगरनियोजन खात्याकडे जातो, नियोजन मंडळापुढे येतो, मग ३० दिवसांची नोटीस निघते, हरकती पुन्हा मंडळासमोर येतात आणि शेवटी सरकारची मान्यता लागते. ग्रामसभेचा ठराव जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येकाने स्वतःच्या नावे खात्याकडे लेखी हरकत द्यावी आणि प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.

'गावाचं वाटोळं होईल' एवढंच लिहिलेली हरकत मंडळ दोन मिनिटांत निकालात काढू शकतं. त्याच जमिनीची कागदपत्रं समोर ठेवली की ते सोपं राहत नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा फॉर्म १ व १४) काढा. त्यात जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती), केर, मोरड असे रकाने असतात. क्षेत्र तरी किंवा खाजनमध्ये असेल तर तो आकडा जसाच्या तसा हरकतीत घाला. मग कुळाचा रकाना आणि फेरफार बघा. कूळ कायद्याखाली जमीन कुळाच्या मालकीची झालेली असेल, तर १९९१ च्या गोवा जमीन वापर नियमन कायद्याने ती शेतीशिवाय वापरता येत नाही. हा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि नेमका तोच लोक विसरतात.

बांधकरी: जोड देतो. तिळारी कालव्याचं पाणी त्या शेताला मिळत असेल तर जलस्रोत खात्याकडून लाभक्षेत्राचा दाखला मागा. खाजन असेल तर सीआरझेडचाही (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचा) मुद्दा येतो.

माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत बसू नका. त्या उत्तराची मुदतही ३० दिवसच आहे, म्हणजे ते हातात पडेपर्यंत नोटिशीची मुदत सरते. हरकत आधी द्या, 'कागद मिळताच पुरवणी हरकत देऊ' असं त्यात लिहा, आणि फाईल प्रत्यक्ष पाहायची मागणी वेगळी करा.

मोरड: त्याच कायद्याच्या कलम १७(२) चा निकाल जोडला तर चालेल?

नकाशेवाला: तेवढ्यावर भिस्त नको. १७(२) हे २०२३ चं, आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या नावाखालचं कलम. त्याचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी रद्द केले. ३९अ २०२४ मध्ये आलं, ती वाट वेगळी. हरकतीत कलम चुकलं तर मुद्दाच भलतीकडे जातो.

मोरड: आणि शेतात भराव घालायला सुरुवात झाली तर?

बांधकरी: सखल जमिनीत भराव घालायला कलम १७अ ची वेगळी परवानगी लागते. झोन बदलला तरी सनदेशिवाय (बिगरशेती वापराच्या परवान्याशिवाय) बांधकाम नाही. ती भूमहसूल संहितेच्या कलम ३२ खाली जिल्हाधिकारी देतात. तारीख दिसेल असे फोटो काढा, सर्व्हे नंबर घालून नगरनियोजन खातं, मामलेदार आणि पंचायत, तिघांना एकाच दिवशी तक्रार द्या.