घरच्या कामासाठी २४ इंचीवरून ३२ इंची मॉनिटरवर जावं का? (पाइपिंग ड्रॉइंग, बडोदा)

सयाजीगंज_पाइपिंग
मंडळी, मतं हवी आहेत, पण माझं मत आधीच सांगतो म्हणजे वाद नीट घालता येईल. मी पाइपिंग डिझाइनमधे आहे, म्हणजे कारखान्यातल्या पाइपांची ड्रॉइंग काढतो, निम्मं काम घरून चालतं. घरी २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल) मॉनिटर आहे, व्यवस्थित चालू आहे. मला ३२ इंची ४के (३८४० बाय २१६०) घ्यायचाय आणि घरचे, ऑफिसातले सगळे म्हणतायत की चालू वस्तू बदलायची कशाला.

आमच्या धंद्यात मॉनिटर म्हणजे ड्रॉइंग बोर्डच. आयसोमेट्रिक, म्हणजे एकेका पाइपलाइनचं तिरक्या कोनातून काढलेलं ड्रॉइंग (आयसो), ए३ वर निघतं, ए३ म्हणजे ४२ बाय २९.७ सेंटीमीटर, आणि २४ इंची स्क्रीन साधारण ५३ बाय ३०, म्हणजे पट्टी लावून बघा, एक आयसो मूळ मापात जेमतेम मावतो, आणि वरचा मेन्यू अन खालची कमांड लाइन धरली तर तोही नाही. मग शेजारी पी अँड आयडी, म्हणजे सगळ्या लाइन, व्हॉल्व्ह, उपकरणं कशी जोडलीत त्याचा नकाशा, उघडायचा कुठे, तो तर ए३ च्या चौपट ए१ वर असतो. दिवसभर नुसतं झूम इन, झूम आउट, विंडो बदल, परत ये, लाइन नंबर कुठला होता ते विसर.

आणि प्रश्न नुसत्या जागेचा नाही. आयसोच्या कडेला मटेरियलचं जे कोष्टक असतं त्यातलं अक्षर २.५ मिलिमीटरचं असेल तर मूळ मापात ते माझ्या स्क्रीनवर ९ पिक्सेल उंच येतं. ६ आहे का ८ हे अंदाजाने वाचायचं. ३२ इंची ४के वर तेच अक्षर १३-१४ पिक्सेलचं होतं. सहा इंची लाइनला आठ इंची फ्लँज (पाइप जोडायची चकती) मागवली गेली तर त्याची किंमत मॉनिटरपेक्षा कितीतरी जास्त पडते.

मांजलपूरवाला
दादा तुमची अडचण खरी आहे पण उपाय पटत नाही. दुसरा २४ इंची घ्या ना! निम्म्याहून कमी पैशात काम होतं, डावीकडे पी अँड आयडी, उजवीकडे आयसो, आणि एक बंद पडला तर दुसऱ्यावर तो दिवस निघतो. मी तर दुसरा उभा फिरवून ठेवलाय, स्पेसिफिकेशनची पीडीएफ पानंच्या पानं उभी वाचता येतात. एकाच मोठ्या स्क्रीनवर सगळं मांडायचं म्हणजे विंडो ओढत बसणं आलंच.

सयाजीगंज_पाइपिंग
@मांजलपूरवाला विंडोजमधे विंडोज-की आणि बाणाचं बटण दाबलं की खिडकी अर्ध्या भागात आपोआप बसते, ओढायला लागत नाही. आणि दोन २४ इंची ठेवले की बरोबर नाकासमोर दोन्हीच्या कडांची पट्टी येते. मग एक समोर घ्या आणि दुसरा तिरका, म्हणजे मान कायम एका बाजूला वळलेली. शिवाय अक्षराचे पिक्सेल ९ चे ९ च राहतात, तो प्रश्न सुटतच नाही.

रावपुऱ्याची
मला विरोध करायचाय आणि तो मॉनिटरला नाही, टेबलाला आहे. तुमचं टेबल किती खोल आहे ते आधी सांगा बरं. आपल्याकडे घराघरात ते कीबोर्डच्या सरकत्या ड्रॉवरचं कॉम्प्युटर टेबल असतं, खोली जेमतेम ४५ सेंटीमीटर, त्यात मॉनिटरचा स्टँड मागून भिंतीपासून पुढेच उभा राहतो. ३२ इंची स्क्रीन ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० उंच. ती इतक्या जवळ आली की दोन्ही कोपरे बघायला मान फिरवावी लागते, नुसते डोळे पुरत नाहीत. हात लांब केल्यावर बोटं जिथे पोचतात तेवढं अंतर तरी हवंच.

दुसरं म्हणजे तुमचं वय किती मला माहीत नाही, पण चाळिशी लागली असेल आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर जवळचं वाचायची जागा काचेच्या खालच्या भागात असते. उंच स्क्रीनचा वरचा मेन्यू वाचायला हनुवटी वर करावी लागते. संध्याकाळपर्यंत मानेचं काय होतं ते मी रोज अनुभवते, मी अकाउंट्सचं काम करते, एक्सेलच्या लांबच लांब शीट असतात, तरी मुद्दाम २४ वरच आहे आणि तोही खाली उतरवून ठेवलाय. मोठं म्हणजे डोळ्यांना सोपं असं नसतं हो.

पिक्सेल_आधी
इंच मोजून भांडण चाललंय, पिक्सेल मोजा.

२४ इंची फुल एचडी म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल. तोच फुल एचडी २७ इंचीत घेतला तर ८२, म्हणजे अक्षर मोठं पण फाटकं, आणि जागा एका ओळीनेही वाढत नाही. २७ इंची क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४०, इंचाला १०९. ३२ इंची क्यूएचडी परत ९२, जागा वाढली पण स्पष्टपणा होता तिथेच. ३२ इंची ४के १३८.

आता ४के वर बाकी सॉफ्टवेअरचं अक्षर इतकं बारीक होतं की स्केलिंग (अक्षर-आयकॉन मोठे करायची सेटिंग) १५० टक्क्यांवर न्यावंच लागतं. १५० ला ३८४० चे होतात २५६०. म्हणजे एक्सेल आणि मेलला जागा क्यूएचडीएवढीच मिळते! माझं मत २७ इंची क्यूएचडी. १०० टक्के स्केलिंगवर वापरा, आणि @रावपुऱ्याची ताईंच्या टेबलावर पण राहील, ६० सेंटीमीटर रुंद असतो फक्त.

सयाजीगंज_पाइपिंग
@पिक्सेल_आधी हे एक्सेलबद्दल शंभर टक्के खरं, कॅडबद्दल (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरबद्दल) नाही. स्केलिंग केलं की मेन्यू, आयकॉन, डायलॉग मोठे होतात, पण ड्रॉइंगची जागा पूर्ण ८३ लाख पिक्सेलवरच रंगते, क्यूएचडीत ते ३७ लाख असतात. दोन समांतर लाइन जवळजवळ असल्या, मधे इन्शुलेशन दाखवलेलं असलं, तर क्यूएचडीवर त्यांचा एकच जाड काळा पट्टा होतो तो ४के वर सुटा दिसतो. मला ते सुटं दिसायला पाहिजे. जुन्या कॅड व्हर्जनमधे आयकॉन बारीक राहतात हे मात्र आहे, आमच्याकडे नवं आहे.

@रावपुऱ्याची ताई, टेबल ५० सेंटीमीटर निघालं. मुद्दा मान्य, सुताराकडून ७५ ची फळी टाकून घेतो आणि मॉनिटर आर्मवर लावतो म्हणजे स्टँडची जागा वाचते, आणि खाली उतरवता पण येतो.

फतेगंजचा
मग सरळ ४३ इंची ४के टीव्ही आणा की, किमतीत फारसा फरक नाही. आणि आता तर जीएसटी पण २८ चा १८ झालाय, मोठं घ्यायची हीच वेळ.

पिक्सेल_आधी
@फतेगंजचा २२ सप्टेंबर २०२५ ला २८ चे १८ झाले ते ३२ इंचाच्या वरच्या स्क्रीनसाठी. ३२ पर्यंतच्यांना १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के होता, त्यामुळे यांना त्या सवलतीचा काडीचा उपयोग नाही. आणि टीव्ही कॅडला नकोच. बरेच टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतात, सिनेमात कळत नाही पण काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळी बारीक रेघ फिसकटते. कॅडमधे तर सगळ्या रेघा तशाच असतात.

फतेगंजचा
सेटिंगमधे पीसी मोड असतो, तो लावला की बऱ्याच टीव्हीत हे जातं. सगळ्यांना एका तराजूत तोलू नका.

चेकर_गोरवा
मी ड्रॉइंग तपासायचं काम करतो आणि मला हा सगळा खर्चच चुकीच्या जागी वाटतो. चूक पकडायची असेल तर प्रिंट काढा. ए३ कागद समोर ठेवायचा, जे बरोबर ते पिवळ्या हायलायटरने रंगवायचं, जे बदलायचं ते लाल पेनने. शेवटी जे पिवळं नाही ते बघितलेलंच नाही, हे लांबून पण कळतं. व्हॉल्व्हचा टॅग, फ्लो अ‍ॅरो, उताराची खूण, प्रत्येक गोष्टीवर हात फिरतो. स्क्रीनवर नजर घसरते, मग ती २४ ची असो का ४३ ची. सहाची आठ झालेली फ्लँज मी कागदावर पकडलेली आहे, आणि ती ज्याने काढली होती त्याच्यासमोर मोठाच मॉनिटर होता.

नवीन_ड्राफ्टर
काका आदर ठेवून सांगते, पण पिवळा-लाल पीडीएफमधे पण होतो, आम्ही तसंच करतो. आणि पी अँड आयडीची नवीन रेव्हिजन दुपारी येते तेव्हा सकाळी काढलेली प्रिंट जुनी झालेली असते. स्क्रीनवर जुनी-नवी एकावर एक ठेवून बघता येते, कागदावर ती सोय कुठे? यासाठी मोठी स्क्रीन लागतेच. मला ऑफिसात ३२ मिळालाय, घरी १५ इंची लॅपटॉपवर तेच काम करायला दुप्पट वेळ जातो.

चेकर_गोरवा
रेव्हिजनसाठी ड्रॉइंगवर क्लाउड (बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ) मारलेला असतो, तेवढाच भाग परत तपासायचा. आणि ज्याने क्लाउड मारायचं विसरलं त्याला एकावर एक ठेवून पकडता येतं हे कबूल, तेवढ्यापुरती स्क्रीन जिंकली. बाकी शेवटची तपासणी मी कागदावरच करणार आणि माझ्या हाताखालच्यांकडून पण तशीच करून घेणार.

मांजलपूरवाला
@सयाजीगंज_पाइपिंग घेणारच असाल तर लॅपटॉपचं एचडीएमआय कुठलं आहे ते बघून घ्या. १.४ असेल तर ४के ३० हर्ट्झवरच (सेकंदाला ३० चित्रं) चालतं, माउस अडखळत सरकतो, मॉडेल फिरवताना तर बघवत नाही. ६० साठी २.० पाहिजे, नाहीतर डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉप दुकानात घेऊन जा, तुमचाच ए१ पी अँड आयडी उघडायला लावा आणि हातभर लांब बसून कोष्टक वाचा. तेवढ्यात वाचता नाही आलं तर पैसे द्यायचे नाहीत.

सयाजीगंज_पाइपिंग
पोर्ट २.० चं आहे, बघितलं. फळीचं माप सुताराला दिलंय. शनिवारी लॅपटॉप घेऊन जातो, २७ क्यूएचडी आणि ३२ ४के दोन्ही शेजारी लावायला सांगतो, तोच आयसो दोन्हीवर. @चेकर_गोरवा काका, प्रिंट बंद करणार नाहीये, घरी प्रिंटर नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.