सिक्वेल बघून मन भरत नाही, असं तुमचंही होतं का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी काही सिनेमातली जाणकार नाही, महिन्यातून एखादा पिच्चर थेटरात आणि बाकीचे घरी टीव्हीवर बघणारी आहे, पण गेले पाच आठवडे एक प्रश्न डोक्यात घोळतोय तो इथे विचारते.

झालं असं की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आई-बाबा आमच्याकडे नाशिकला राहायला आलेत. रात्री जेवणं आटोपली की बाबा पाय उशीवर घेणार, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवणार आणि विचारणार, आज काय लावतेस? नवीन काही लावलं की हा कोण, ती कोण, हा तिचा नवरा का दीर, असं सुरू होतं आणि अर्धा पिच्चर समजावण्यातच जातो, म्हणून मग ठरवलं की ज्याचा पहिला भाग घरात सगळ्यांना पाठ आहे त्याचेच पुढचे भाग लावायचे.

सुरुवात केली 'नवरा माझा नवसाचा २' पासून, कारण पहिला म्हणजे आमच्या घरचाच पिच्चर. बाबा एसटीत कंडक्टर होते. २००४ मध्ये पहिला आला तेव्हा आम्ही चौघं आणि बाबांच्या डेपोतली दोन कुटुंबं मिळून गेलो होतो, आणि अशोक सराफ कंडक्टर म्हणून दिसले तेव्हापासून बाबा जे पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसले ते शेवटपर्यंत. तिकिटाचा पंच कसा धरलाय, डबल बेल कधी देतोय, हेच बघत होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, हा माणूस आमच्यातला आहे.

दुसऱ्या भागात (२०२४ चा) मंडळी गणपतीपुळ्यालाच निघतात पण या वेळी कोकण रेल्वेने, मुलगी-जावयाची जोडी आहे, आणि अशोक सराफ टीसी झालेत. आम्ही हसलो, मध्येच आईने चहा टाकला, छान वेळ गेला. पण बाबा शेवटी म्हणाले की टीसी तिकीट बघून पुढच्या डब्यात जातो गं, कंडक्टर मात्र शेवटच्या स्टॉपपर्यंत त्याच माणसांबरोबर असतो, कोण रडलं कोण भांडलं कुणाचं पोर आजारी पडलं, सगळं त्याच्यासमोर होतं. हे ऐकून मी गप्पच झाले, कारण मला जे कमी पडतंय असं वाटत होतं आणि सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पहिल्यात ती सगळी माणसं एका गाडीत कोंडलेली होती, कुणाला कुणापासून सुटका नव्हती, आणि मजा तिथूनच येत होती.

मग 'झिम्मा २' लावला. आईला आवडला, पण झोपायला जाताना म्हणाली, पहिल्यातल्या त्या दोघी का नव्हत्या (सोनाली कुलकर्णी आणि मृण्मयी गोडबोले). 'मुंबई-पुणे-मुंबई' चे दोन आणि तीन लागोपाठ दोन रात्री बघितले, ते मात्र आम्हाला तिघांनाही मनापासून आवडले. आणि 'टाइमपास ३' बाबांनी इंटरव्हलच्या आसपास बंद करायला लावला, दगडू आवडतो त्यांना, तरीसुद्धा.

तर प्रश्न असा की तीच माणसं, तोच दिग्दर्शक, तरी काही पुढचे भाग आतपर्यंत पोचतात आणि काही नुसते बघून होतात, असं का? आणि अजून पंधरा दिवस आई-बाबा इथे आहेत, त्यांना दाखवावा असा एखादा पुढचा भाग सुचवा. आईला रडवणारा चालतो. बाबांना फार मारामारी नको.

वर्ध्याचा_पाव्हणा

ताई, तुमच्या यादीत 'नाळ २' नाही हे पाहूनच लिहायला बसलो. अजून कसा नाही पाहिला तुम्ही?

पहिला 'नाळ' २०१७ चा. आमच्या विदर्भातलं नदीकाठचं गाव, आठेक वर्षांचा चैत्या, आणि त्याला कळते की आपण जिला आई म्हणतो तिने आपल्याला जन्म दिलेला नाही. बस, एवढीच गोष्ट. पण ते पोरगं काही बोलत नाही, आईकडं नुसतं पाहत राहते, आणि ते पाहणं पाहून थेटरातल्या बाया डोळ्याला पदर लावत होत्या. माझी आजी सोबत होती, तिला तर चैत्या बोलला की आपल्याच घरचं पोरगं बोलते असं वाटे, कारण पडद्यावर आमची बोली इतकी सरळ, कुणाला हसवायसाठी न वापरलेली, तिने पहिल्यांदा ऐकली होती. हे माझ्यासाठी फार मोठं आहे. वऱ्हाडी म्हटलं की नोकर नाहीतर विनोदी पात्र हे लहानपणापासून पाहत आलो आम्ही.

दुसरा भाग आला २०२३ च्या दिवाळीत. मधली सहा वर्षं खरीच गेली होती, पोरगं खरंच मोठं झालं होतं, आणि दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ते वाढलेलं वय तसंच गोष्टीत घेतलं. चैत्या त्याच्या जन्मदात्या आईच्या गावी जातो, पश्चिम महाराष्ट्रात. तिथं त्याला एक लहान बहीण आहे, चिमी. आता तुम्ही विचार करा, पहिल्या भागात प्रश्न होता माझी आई कोण, आणि दुसऱ्यात प्रश्न आहे माझी बहीण मला भाऊ म्हणेल का. म्हणजे प्रश्न पोरासोबत मोठा झाला. ती चिमी त्याच्याकडे पाहून तोंड फिरवते आणि हा तिच्या मागं मागं, एवढंच किती वेळ चालते, पण नजर हटत नाही. त्या लहान पोरीला, त्रिशा ठोसरला, याच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, साडी नेसून घ्यायला आली होती ती तुम्ही पाहिलीच असेल. श्रीनिवास पोकळेला तर दोन्ही भागांसाठी मिळाला, आणि 'नाळ २' ला उत्तम बालचित्रपटाचा मिळाला तो वेगळा.

आईला नक्की दाखवा. पण पहिला आधी, मग दुसरा. एका दिवसाचं अंतर ठेवा मध्ये, लगेच नका लावू.

दूरदेशी

मी मँचेस्टरजवळ राहते आणि 'झिम्मा २' बद्दल थोडं वेगळं मत मांडते, कारण त्यातलं लेक डिस्ट्रिक्ट आमच्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे आणि माझी सासू आली होती तेव्हा आम्ही तिला तिकडे घेऊन गेलो होतो.

गोदाकाठची, तुझ्या आईला जी रुखरुख लागली ती बरोबर आहे. पहिल्या 'झिम्मा' मध्ये सात बायकांतल्या बहुतेक जणी एकमेकींना ओळखतच नव्हत्या, सहलीलाच भेटल्या, त्यामुळे कोण कशी आहे हे त्यांना आणि आपल्याला एकाच वेळी कळत गेलं, आणि तीच तर गोष्ट होती. दुसऱ्यात त्या आधीच मैत्रिणी आहेत, सुहास जोशींच्या पंचाहत्तरीला जमल्यात, मग आता कळायचं काय राहिलं? म्हणून शिवानी सुर्वे आणि रिंकू राजगुरू अशा दोन नवीन मुली आणल्या. ते आणलेलं आहे हे दिसतं, मान्य.

पण मी सिक्वेल गोष्टीसाठी बघतच नाही गं, मी माणसांसाठी बघते. माहेरी गेल्यावर दरवेळी काही नवीन घडत नाही, तरी आपण जातोच ना? निर्मिती सावंत पडद्यावर आल्या आणि माझ्या सासूबाई चक्क म्हणाल्या, आल्या बघा आपल्या बाई. मराठी पिच्चर इथे एखाद्या रविवारचा एखादा शो असतो, तोही लांबच्या थेटरात. त्या दिवशी तिकडे पंचवीस-तीस बायका साड्या नेसून आलेल्या, नोव्हेंबरच्या थंडीत वरून जाड कोट, आणि इंटरव्हलला कुणीतरी डब्यातून चिवडा फिरवला. सासूबाईंची त्यात दोघींशी ओळख झाली, अजून फोन चालू असतात. मला त्या पिच्चरला कमी मार्क द्यायला जमणारच नाही. 'नवरा माझा नवसाचा २' लाही नाही. अशोक सराफ या वयात रोज सेटवर जाऊन उभे राहतात आणि आपण त्यांना बघू शकतो, मला एवढंही पुष्कळ आहे.

शेवटची_रांग

दूरदेशी यांच्या भावना समजतात पण मी थोडा असहमत. माणसं परत भेटण्याचा आनंद पहिल्या अर्ध्या तासात संपतो, त्यानंतर गोष्ट लागतेच, नाहीतर शिळ्या कढीला ऊत.

'टाइमपास ३' बाबांनी का बंद करायला लावला ते सांगतो, कारण माझंही तसंच झालं होतं थेटरात. पहिल्यात (२०१४) दगडू-प्राजक्ताची ताटातूट होते, दुसऱ्यात (२०१५) ते मोठे होऊन भेटतात, आणि तिसरा (२०२२) काळाच्या हिशोबाने त्या दोघांच्या मधला आहे. म्हणजे हृता दुर्गुळेची पालवी कितीही छान असली, आणि ती आहे छान, तरी आपल्याला बसल्या जागी माहीत आहे की दगडू तिचा होणार नाहीये, मग जीव टांगणीला लागणार कसा? प्रथमेश परब मेहनत करतोय हे दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं.

याच्या उलट 'मुंबई-पुणे-मुंबई' बघा. २०१० च्या पहिल्या भागात एक दिवस, एक मुलगा, एक मुलगी, आणि त्यांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. सतीश राजवाड्यांनी दुसऱ्यात (२०१५) त्यांना गौरी-गौतम अशी नावं दिली, घरं दिली, आईवडील दिले आणि लग्नाआधीची ती धाकधूक दिली. तिसऱ्यात मूल. प्रत्येक वेळी नवीन अडचण, पण कुठूनतरी बाहेरून आणलेली नाही, त्या दोघांचं वय वाढलं म्हणून आलेली. म्हणून या मालिकेने आपला मूळ मुद्दा गमावलेला नाही असं मला वाटतं, कारण ती दोघं भांडतातही पहिल्यासारखीच.

आणि सुचवणीत 'दृश्यम २' घ्या, हिंदी चालत असेल तर. मारामारी जवळपास नाही. (ज्यांनी पहिला बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा, शेवट फुटणार आहे.) पहिला हिंदी भाग आपल्या निशिकांत कामतांनी २०१५ मध्ये केला, गोव्यात घडणारा, आणि शेवटी कळतं की घरच्यांच्या हातून मेलेल्या मुलाचं प्रेत नायकाने बांधकाम चालू असलेल्या पोलीस चौकीच्याच खाली पुरलंय. तिथे पिच्चर संपला, आपण टाळ्या वाजवल्या, पण मी घरी येताना विचार करत होतो की आता हा माणूस रोज त्या चौकीवरून जाणार, रोज. सात वर्षांनी दुसरा आला (मूळ मल्याळम, जीतू जोसेफ यांचा) आणि तो बरोबर तिथूनच सुरू होतो. कुणीतरी त्याला त्या रात्री तिथून बाहेर पडताना बघितलं होतं. घरातली मोठी मुलगी अजून दारावर थाप पडली की दचकते. काही नवीन गाव नाही, जे जमिनीत पुरलं होतं तेच वर आलं. निशिकांत कामत तोपर्यंत आपल्यातून गेले होते, २०२० मध्ये, दुसरा भाग अभिषेक पाठकने केला. कामत असते तर कसा केला असता हे मनात येतंच.

तात्याचा_फॅन

'झपाटलेला २' कुणीच कसा काढला नाही. पहिला १९९३ चा, आमच्याकडे कोल्हापुरात गणपतीत गल्लीत पडद्यावर दाखवायचे, मी आठ वेळा तरी बघितलाय. तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांची बाहुली आणि दिलीप प्रभावळकर. पण तो चालला लक्ष्यामुळे हे मला दुसरा बघितल्यावर कळलं. लक्ष्मीकांत बेर्डे त्या बाहुलीला घाबरायचे तेव्हा ती जिवंत व्हायची, निर्जीव बाहुलीला गळ्याशी धरून माणूस एकटा झटापट करतोय आणि आपल्याला दोघं दिसतात. दुसरा भाग २०१३ मध्ये थ्रीडी आला, चष्मा लावून बघितला, लक्ष्याचा मुलगा म्हणून आदिनाथ कोठारे, बाहुली तीच, आवाज तोच. मी हौसेने गेलो होतो आणि येताना भावाशी एक शब्द बोललो नाही. थ्रीडीत बाहुली अंगावर आली पण तिला घाबरणारा माणूस २००४ मध्येच गेला होता. काकांना पहिलाच परत दाखवा, दुसऱ्याची गरज नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. दूरदेशी, चिवड्याचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली तिकडच्या बायकांना सांग आमच्याकडे पण या. शेवटची_रांग, 'दृश्यम २' पुढच्या आठवड्यात नक्की, पहिला बाबांना तोंडपाठ आहे, २ ऑक्टोबरला कोण कुठे होतं ते आम्हालाच विचारत असतात. तात्याचा_फॅन, तुमचं वाचून 'झपाटलेला' पहिला लावायचं ठरलंय, माझ्या मुलाने बघितलेला नाहीये.

वर्ध्याचा पाव्हणा, काल रात्री 'नाळ' बघितला, पहिला. बाबांनी एकदाही पाय हलवला नाही, बर्फाची पिशवी पार वितळून उशी ओली झाली तरी कुणाच्या लक्षात नाही. आई संपल्यावर बराच वेळ तशीच बसून होती. मग भांडी आवरायला उठली, मी म्हटलं राहू दे मी बघते, तर ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "त्या दुसऱ्या आईच्या घरी कोण कोण असेल गं?"

तिला अजून सांगितलेलं नाही की पुढचा भाग आहे. तुम्ही म्हणालात तसं आजचा दिवस मध्ये जाऊ देते, उद्या दुपारी जेवणं झाली की लावणार.