फुप्फुसातली बारीक गाठ शोधायला ऑपरेशन थिएटरमध्येच (ओटी) स्कॅन: गरज की चैन?

धागा (पेशंटची मुलगी): बाबांच्या उजव्या फुप्फुसात ८ मिलिमीटरची गाठ निघाली. ऑपरेशनच्या सकाळी सीटीच्या खोलीत जागेवर भूल देऊन जागेची खूण म्हणून गाठीपर्यंत बारीक तार घातली, वर टेप लावला आणि व्हीलचेअरवर ओटीबाहेर बसवलं. दीड तास. खोकला आला की बाबा टेपवर हात दाबून धरायचे. आत नेलं तेव्हा तार सरकलेली होती. शेवटी छेद वाढवून बोटांनी चाचपत गाठ शोधली. आता चाकांवरचा थ्रीडी सी-आर्म, म्हणजे इंग्रजी C आकाराच्या दांडीचं एक्स-रे यंत्र, मिळतो. भूल दिल्यावर टेबलाभोवतीच फिरून तो सीटीसारखी चित्रं देतो. दुर्बिणीतून फुप्फुसाची ऑपरेशनं होतात तिथे तो हवाच.

रेडिऑलॉजिस्ट: ताई, त्यांना सोसावं लागलं याचं वाईट वाटतं. तरी मी विरोधात आहे. आपल्याकडे अशा कितीतरी गाठी जुन्या टीबीच्या असतात. आधी ही गाठ काढायची की तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करून बघायची, हे नीट ठरवणारी माणसं हवीत. मोठा पैसा तिथे लावा. बहुतेक ठिकाणी तारेवर काम भागतं.

छातीचा सर्जन: सर, काढायची ठरलेल्या गाठीचं काय? २०२२ मध्ये जपानी चाचणीचे निकाल आले. फुप्फुसाच्या कडेकडच्या, २ सेंटिमीटरपर्यंतच्या कॅन्सरमध्ये अख्खा लोब (फुप्फुसाचा मोठा भाग) न काढता फक्त सेगमेंट (लोबचा छोटा भाग) काढलेले ९४.३ टक्के पेशंट पाच वर्षांनी हयात होते, लोब काढलेले ९१.१ टक्के. कमी कापायचं तर जागा नेमकी कळायला हवी. धूसर, म्हणजे सीटीत पुसट दिसणारी गाठ बोटाला बहुधा लागतच नाही.

ओटी टेक्निशियन: यंत्र आणलं म्हणजे झालं असं नाही. पेशंट कुशीवर, वरचा हात आधारावर. सी-आर्म फिरताना तिथेच अडतो. टेबलात धातू असला की चित्रभर रेघा. त्या बाजूचं फुप्फुस हवा काढून आकसवलेलं असतं, त्यात धूसर गाठ मिसळून जाते. थोडी हवा भरून, श्वास रोखून स्कॅन करावा लागतो. भूलतज्ज्ञासकट सगळ्यांचा हात बसेपर्यंत वेळ जातोच.

रेडिऑलॉजिस्ट: हेच म्हणतोय. महिन्याला दोन केस असतील तर हात बसणार कधी?

पेशंटची मुलगी: मग अशा केस जिथे जास्त होतात तिथे पाठवा ना. आम्हाला तसं कुणी सांगितलंच नाही. आणि तारेवरच करायचं असेल, तर तार घातलेल्या पेशंटला त्या दिवशी पहिल्या नंबरला घ्या.