कॅनडा पीआर फेटाळला, कंपनीच्या पत्रात कामंच लिहिलेली नव्हती. आता काय करू?

पंचगंगाकाठ (किचनर)

नमस्कार मंडळी. मंगळवारी दुपारी पीआरचा, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याचा, अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. आज शनिवार, अजून घरी सांगितलेलं नाही.

मी इचलकरंजीचा, वय ३१, लग्न झालेलं नाही. इथे दोन वर्षांचा मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तीन वर्षांचं पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळालं आणि एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या खात्यात लागलो. अर्ज एक्सप्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीतून, कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासमध्ये, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर. एनओसी, म्हणजे सरकारच्या व्यवसायांच्या यादीतला क्रमांक, ७२४००, इंडस्ट्रियल मेकॅनिक. अनुभव एक वर्षाचा लागतो, माझी दोन वर्षं भरून वर चार महिने झालेत.

या व्यवसायाच्या वर्णनातली बरीचशी मुख्य कामं तुम्ही केली आहेत याबद्दल माझं समाधान झालेलं नाही, असं अधिकाऱ्याने लिहिलंय. मेल आला तेव्हा मी कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सखालून नुकताच बाहेर आलो होतो. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि मेल उघडला. आमचे घरचे चार यंत्रमाग होते. आठवीपासून पप्पांबरोबर माग खोलतोय, आवाज बदलला की काय सैल झालंय ते सांगायचो. उजव्या तर्जनीवर त्याच मागाचा व्रण आहे. आणि हा कागद म्हणतो, तू हे काम करतोस हे पटत नाही. त्यापुढे काय वाचलं ते आठवतच नाही.

एचआरने त्यांच्या ठरलेल्या नमुन्यातलं पत्र दिलं होतं: नाव, ‘मेंटेनन्स टेक्निशियन’ हा हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार. कामांची यादी नाही, आठवड्याचे तास नाहीत. मागितले तर म्हणाले, सगळ्यांना हेच देतो. टी-४ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा दाखला) आणि टॅक्सचे कागद जोडले, वाटलं भागेल.

परमिट सात महिन्यांनी संपतंय. शिक्षणाच्या कर्जासाठी घर तारण आहे, हप्ता मी इथून पाठवतो. कोर्टात जावं, फेरविचार मागावा, की नव्याने अर्ज करावा?

रानजाई (मिसिसागा)

अरे, आधी ते पत्र पुन्हा उघड आणि त्यात इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० कुठे आहे का ते बघ. खोटी माहिती दिल्याचा ठपका असेल तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. तू लिहिलंयस त्यावरून पुरावा कमी पडला एवढंच दिसतंय. तसं असेल तर बंदी वगैरे काही नाही.

दुसरं, दिवस मोज. कॅनडात असताना मिळालेल्या नकाराविरुद्ध फेडरल कोर्टात जायला निर्णय कळल्यापासून १५ दिवस असतात. तुझे चार गेले. फेरविचाराची विनंती वेबफॉर्मवरून करता येते, पण ती केली म्हणून हे दिवस थांबत नाहीत. माझ्या नवऱ्याच्या वेळी आम्ही त्या विनंतीच्या उत्तराची वाट बघत बसलो आणि मुदत निघून गेली. ते आजही मनाला लागतं. सोमवारी वकिलाला दाखवच.

मात्र कोर्ट पीआर देत नाही. जिंकलास तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. आणि कोर्ट बघणार अधिकाऱ्यासमोर तेव्हा काय कागद होते ते. तुझ्या पत्रात कामं नव्हतीच, त्यामुळे मला नवा अर्ज जास्त खात्रीचा वाटतो.

मीठभाकर (कॅलगरी)

माझं हेच झालं होतं, मी स्वयंपाकी आहे. तीन आठवडे झोप नव्हती, तुझी अवस्था कळते मला.

दुसऱ्या वेळी पत्रच नीट करून घेतलं. लेटरहेड, कंपनीचा पत्ता-फोन, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, आणि कामं. एनओसीमधली वाक्यं उचलून ठेवू नकोस, ती अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. तू खरंच काय करतोस ते लिही: कुठली मशीन, ड्रॉइंग वाचतोस का, अलाइनमेंट कशी करतोस, बेअरिंग कोण बदलतं. एचआर अडून बसलं तर सुपरवायझरकडून घे, एचआरने का दिलं नाही ते स्वतःच्या पत्रात सांग, आणि वर्क ऑर्डर, पगाराच्या स्लिपा जोड.

नव्या फॉर्ममध्ये पूर्वी नकार मिळालाय का असं विचारतात, तिथे ‘हो’च लिहायचं. हे लपवलंस तर कलम ४० खरंच मागे लागेल.

पैशांचं सांगतो. माझ्या वेळी ९५० डॉलरची प्रक्रिया फी गेली, पीआर हक्काच्या फीचे ५७५ डॉलर परत आले. पाच डॉलर भरून फाइलमधल्या नोंदी मागव, अधिकाऱ्याने नेमकं काय लिहिलंय ते कळेल. तुझं परमिट वाढवून मिळत नाही, म्हणून मालकाशी एलएमआयएबद्दल (परदेशी कामगार ठेवायला मालकाने घ्यायची सरकारी मंजुरी) आत्ताच बोल. आयईएलटीएसच्या इंग्रजी परीक्षेला दोन वर्षं होत आली असतील तर तेही पुन्हा द्यावं लागेल. आणि ३२ लागले की एक्सप्रेस एंट्रीत वयाचे ९९ गुण ९४ होतात, त्यामुळे तिथली प्रोफाइल लवकर टाक. तुझा व्यवसाय ट्रेड्सच्या, म्हणजे कुशल कारागिरांच्या, वेगळ्या निवड फेरीत बसतो, हा मोठा आधार आहे.

आणि घरी सांग रे.

पंचगंगाकाठ

रानजाईताई, मीठभाकरदादा, खूप आधार वाटला. कलम ४० कुठेही नाही, चार वेळा वाचलं. सोमवारी वकिलाची वेळ घेतली आहे, पण नवा अर्ज करायचा हे मनाशी पक्कं केलंय. सुपरवायझरला फोन केला होता. तो म्हणाला, तुझ्या नावाच्या वर्क ऑर्डर काढून ठेवतो, पत्र आपण दोघं बसून लिहू.

काल रात्री पप्पांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कागद घे, मी सांगतो तसं लिही,” आणि मशीन उघडण्यापासून परत चालू करण्यापर्यंतचं काम एकेक करून सांगत गेले. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. पत्र लिहायला बसताना तो कागद बरोबर नेतोय.