मदत हवी आहे : सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध आणि ॲलर्जीची गोळी एकत्र चालतात का?

बाबांचं वय ७२. बीपीची गोळी चालू आहे, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. धुळीच्या ॲलर्जीमुळे मॉन्टेलुकास्ट-लेवोसेटिरिझिनही रोज रात्री. शुक्रवारी सर्दी-खोकला झाला, तर स्वतःच कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या नि खोकल्याची बाटली घेऊन आले. अंगात कणकण म्हणून घरातली पॅरासिटामॉल ६५० पण वर. सगळं दिवसातून तीनदा.

काल दुपारपासून नुसते पेंगताहेत, तोंडाला कोरड, बाथरूमला जाताना भिंत धरतात. आज सकाळपासून लघवी थेंब थेंब. बीपी १६८/९६, एरवी १३० च्या आसपास असतं. "अगं, साधी सर्दीची गोळी ती!" हे पालुपद चालूच.

पट्टी कापून दिलेली, घटकांची ओळ दुकानातच राहिली. फोन करून विचारलं : पॅरासिटामॉल ५००, फिनाइलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २ मिग्रॅ. बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं फोटो मोठा करून वाचली. ५ मिलीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन १०, फिनाइलेफ्रिन ५, क्लोरफेनिरामिन २. बाबा घेतात १० मिली.

औषधं बंद करून उद्यापर्यंत थांबू का? आणि वहिनी हेच सिरप अर्धा चमचा भाच्याला (वय ३) देणार होती, चालेल?

प्रतिसाद १
मी फार्मासिस्ट आहे. थांबू नका, आजच दाखवा. लघवी पूर्ण अडली किंवा ओटीपोट फुगून दुखायला लागलं तर थेट कॅज्युअल्टी, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

क्लोरफेनिरामिन, म्हणजे झोप आणणारं ॲलर्जीचं औषध, गोळीतही आहे आणि सिरपमध्येही. दिवसाचे १८ मिग्रॅ झाले, वर त्याच जातीचं लेवोसेटिरिझिन. पेंग, कोरड, तोल जाणं त्यातलंच. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी क्लोरफेनिरामिनने अडू शकते. फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, बीपी वाढायला तेवढं पुरतं, आणि तेही दोन्हीकडून जातंय. गंमत म्हणजे पोटातून घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेच्या (एफडीए) सल्लागार समितीने २०२३ मध्येच म्हटलंय.

पॅरासिटामॉल ३४५० मिग्रॅ होतंय. धडधाकट माणसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, तेव्हा या वयात डॉक्टरांना आकडा सांगाच. सर्दीची गोळी आणि सिरप बंद. बीपीची नि प्रोस्टेटची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

भाच्याला अजिबात नको. मोठ्यांच्या बाटलीतला अर्धा चमचा म्हणजे लहान मुलाचा डोस नव्हे. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनची जोडी ४ वर्षांखाली देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलंय.

प्रतिसाद २
नैराश्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा. त्यातल्या काही गोळ्यांचं सिरपमधल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनशी (खोकला दाबणारं औषध) जमत नाही. आणि बाटली, पट्ट्या सगळं पिशवीत घालून न्या, आयत्या वेळी नावं आठवत नाहीत.

धागाकर्ती
आत्ताच परतलो. लघवीसाठी नळी घालावी लागली, दोन दिवस राहणार. बीपी उतरतंय. सर्दीसाठी फक्त वाफ आणि नाकात सलाईनचे थेंब. वहिनीने बाटली वरच्या फळीवर ठेवलीय. बाबा विचारताहेत, उरलेल्या चार गोळ्या मेडिकलवाला परत घेईल का.