‘तांब’, ‘गंज’ आणि ‘तुक्कु’ : गाडीच्या पोटाखालचे शब्द

टिळकवाडीचा मामा

खडूच्या एका अक्षरापायी दोन दिवसांचं काम वाया गेलं, म्हणून हा प्रश्न इथं टाकतोय.

भाच्याच्या गॅरेजात सध्या एक जुनी, दोन सीटची, बिनछपराची गाडी आली आहे. ट्रायम्फ स्पिटफायर. मालकांनी ती गोव्याहून चोर्ला घाटानं टेम्पोवर घालून बेळगावला आणली. रंग असा की त्यात तोंड बघून घ्यावं. कुशीवर घालून खाली बघितलं तर वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी निवृत्त मराठीचा मास्तर. गॅरेजात माझं काम चहा पिणं आणि शब्द वेचणं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत ठोकत सगळं पोट तपासलं आणि जिथं पत्रा कापून नवा तुकडा घालायचा तिथं खडूनं ‘तु’ लिहिलं. हाताखालचा पोरगा गोकाककडचा, घरी कन्नड. त्यानं ‘तु’ म्हणजे ‘तुक्कु’ असं वाचलं. कन्नडमध्ये गंजाला तुक्कु म्हणतात. आता तुक्कुच आहे म्हटल्यावर त्यानं वायर ब्रशनं घासलं, रेड ऑक्साइड मारलं आणि भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून ठेवली. काम इतकं सुबक की मिस्त्रींना ओरडताही येईना. मग ती सगळी लांबी परत खरवडून काढली.

तर प्रश्न असा. गंजाच्या पायऱ्यांना तुमच्याकडं वेगवेगळे शब्द आहेत का? आणि ‘अंडरबॉडी’ला काय म्हणता? मी वर ‘पोट’ लिहिलंय, पण मिस्त्री ‘बूड’ म्हणतात.

खानापूर पाऊस

मास्तर, आमच्याकडं पायऱ्या आहेत. विळ्यावर, कोयत्यावर एका रात्रीत जो तांबूस थर येतो ती ‘तांब’. स्त्रीलिंगी. ‘विळ्याला तांब आली’ असंच आजी म्हणायची. राखेनं नाहीतर विटेच्या तुकड्यानं घासली की गेली. ‘गंज’ त्याच्या पुढचा. त्याला जाडी असते, खपल्या निघतात, बोटानं घासून जात नाही. आणि त्याच्याही पुढं गेलं की आम्ही गंज म्हणतच नाही, ‘पत्रा खाल्ला’ म्हणतो. कुणी खाल्ला ते सांगायची गरज पडत नाही.

कणकुंबीकडच्या पावसात घराचे पत्रेसुद्धा या तीन पायऱ्या बघता बघता चढतात, त्यामुळं शब्द ठेवावेच लागले. शहरात सगळ्यालाच गंज म्हणतात, कारण तिथं नवीन पत्रा विकत मिळतो.

निपाणीची लेक

‘चढला’, ‘लागला’ की ‘धरला’? पुण्यात ‘गंज चढलाय’ ऐकते. माहेरी ‘गंज धरलाय’. मला वाटतं हे धरणं कन्नडचं देणं आहे, कारण ते ‘तुक्कु हिडिदिदे’ म्हणतात आणि ‘हिडि’ म्हणजे धर, पकड. आपल्याकडंही झाड मूळ धरतं, फळं धरतं, त्यामुळं हा प्रयोग कुठल्या बाजूनं कुठं गेला यावर मी भांडणार नाही. पण ‘चढला’ म्हटलं की गंज बाहेरून येऊन बसल्यासारखा वाटतो आणि ‘धरला’ म्हटलं की लोखंडानंच त्याला जवळ केल्यासारखा. गाडीच्या बाबतीत दुसरं खरं असावं.

नागपूरहून आलेली

जरा विषय सोडून. माझ्या माहेरी गंज म्हणजे पातेलं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी ‘गंजात दूध तापवते’ म्हटलं, तर शहापूरच्या सासूबाई दचकल्या होत्या.

खानापूर पाऊस

आणि आमच्याकडं कडब्याची गंजी, अंगातली पण गंजी. दोन्हींना तांब येत नाही एवढंच बरं.

उद्यमबागवाला

इथं सगळे शब्दांवर आहेत म्हणून थोडं लोखंडावर. मी फौंड्रीत पस्तीस वर्षं काढली. तांब आणि गंज हा फरक नुसता बोलीचा नाही, कामाचा आहे.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. मीठ असेल तर ते पाणी विजेला जास्त वाट देतं आणि काम वेगानं होतं. म्हणून गोव्याची खारं वारं लागलेली गाडी आणि धारवाडची गाडी एकाच वयाची असली तरी एक नसते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. त्यामुळं दोन पत्रे जिथं एकावर एक स्पॉट वेल्डिंगनं जोडलेत तिथं तो मध्ये शिरून त्यांना फाकवतो. रंग फुगला, पोपडा आला, की समजायचं आजार आतून बाहेर आलाय. अशा ठिकाणी वरून घासणं म्हणजे फोडावर पावडर.

तांब असेल तर घासा, फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, ती काळपट करडी पडते आणि रंग धरते. दुसऱ्या जातीच्या कन्व्हर्टरमध्ये टॅनिन असतं. मास्तरांना हे आवडेल : हिरड्यात तेच असतं. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई पूर्वी करायचे, तीच रसायनाची गोष्ट गाडीच्या बुडाखाली चालते. गंज असेल, म्हणजे खपली असेल, तर आधी छिन्नीनं, ग्राइंडरनं ती काढायलाच हवी. औषध खपलीच्या वरच्या वर सुकतं आणि खालचा गंज आपला संसार चालू ठेवतो. आणि खाल्लेलं असेल तर औषध नाहीच. कापा, निरोगी पत्रा लागेपर्यंत मागं सरका, तिथं नवा घाला. फरशीला वीस गेजचा, भार घेणाऱ्या जागी अठरा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नव्या पोरांना दरवेळी सांगावं लागतं.

अजून एक. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याला काही लोक ‘कल्हईचा पत्रा’ म्हणतात. चूक. कल्हई कथलाची, भांड्याला. कथलाला ओरखडा गेला की खालचं लोखंड उलट लवकर गंजतं. जस्त तसं नाही, ते आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. शब्द चुकला तर इथं पत्रा चुकतो. आणि जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग करायचं तर कडेचं जस्त आधी घासून काढा, दारं उघडी ठेवा. तो पांढरा धूर रात्री ताप आणतो. आमच्याकडं कामगार त्यावर गूळ खायचे. गुळानं गोड लागायचं, ताप यायचा तो यायचाच.

शुद्ध मराठी

‘अंडरबॉडी रिस्टोरेशन’ला ‘अधःकाय-जीर्णोद्धार’ म्हणता येईल. ‘रस्ट कन्व्हर्टर’ला ‘गंजपरिवर्तक’.

टिळकवाडीचा मामा

‘अधःकाय’ मी गॅरेजात वाचून दाखवला. मिस्त्री म्हणाले, हा कुठला पार्ट, मुंबईहून मागवावा लागेल का?

‘जीर्णोद्धार’ मात्र मला टाकवत नाही. हलशीच्या देवळाचा होतो, मग गाडीचा का नको? पण तो शब्द देवळालाच चिकटलाय. गाडीसाठी वापरला की वर्गणीचं पुस्तक डोळ्यापुढं येतं. ‘दुरुस्ती’त बिघडलेलं चालू करणं एवढंच येतं. ‘डागडुजी’ जवळची वाटते. भांड्याला डाग देणं, म्हणजे भोक झाळून बुजवणं, हे आमच्या पिढीनं कासाराच्या दारात बघितलंय. पण आज डागडुजी म्हटलं की वेळ मारून नेणं, असाच अर्थ ऐकू येतो. शब्दालाही तांब येते म्हणायची.

कडोलीकर

एक मुद्दा राहिलाय आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं मत. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जो पोकळ पत्र्याचा पट्टा जातो, इंग्रजीत सिल, त्याला काय म्हणायचं?

शब्दशः गेलं तर उंबरा. गाडीत बसताना आपण तो ओलांडतोच. पण उंबरा घराचा भार घेत नाही. हा पट्टा घेतो. स्पिटफायरची तर गोष्टच वेगळी. ती १९६२ ला बाजारात आली, ट्रायम्फ हेरल्डच्या चासीवरून बेतलेली. हेरल्ड म्हणजे आपल्याकडं मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनायची तीच. आमच्या काकांकडं होती. हेरल्डच्या चासीला मधला कणा आणि दोन्ही कडांना आधाराच्या पट्ट्या होत्या. स्पिटफायर करताना कडेच्या पट्ट्या काढल्या आणि तो भार बॉडीच्या या सिलवर टाकला. वर छप्पर नाही. म्हणजे मधला कणा आणि दोन बाजूचे हे पट्टे, यांच्यावर सगळी गाडी.

म्हणून मी त्याला ‘वासा’ म्हणतो. आतून पोकळ, बाहेरून धडधाकट, आणि आत पाणी साठून कुजतो तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण कुणी गॅरेजवाल्यानं रचली नसेल, पण बसते चपखल.

आणि मामा, तुमच्या भाच्याला सांगा, वासा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून चौकट जखडून घ्या. दोन्ही वासे एकदम कापू नका, एक संपल्यावर दुसरा. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथं उलट आहे. वासा सुटला की घर मध्ये खचतं आणि मग नवा वासा कितीही सरळ बसवा, दार लागत नाही. मी हे दुसऱ्याच्या गाडीवर बघितलंय. दार लावण्यासाठी त्यांनी शेवटी दारच तासलं.

भाचा

मामांच्या मोबाइलवरून लिहितोय. पाइप आधीच लावलेत, काळजी नसावी. दारं रोज उघडून, लावून बघतो.

डाव्या वाशात आत बघितलं तर आधी कुणीतरी ठिगळावर ठिगळ मारलेलं. तीन थर पत्रा, मध्ये ओली माती, खाली पाणी निचरायची भोकं डांबरानं बुजवलेली. गंज लागू नये म्हणून डांबर मारलं आणि पाणी आत कोंडून ठेवलं. एका जागी तर पत्र्याऐवजी नुसती लांबी, तिच्या आत वर्तमानपत्र. मामांनी ते वाळवून वाचायला घेतलंय.

निपाणीची लेक

कुठल्या भाषेतलं?

टिळकवाडीचा मामा

मराठी. तारीख गेलीय, ‘छोट्या जाहिराती’ शाबूत आहेत. ‘गाडी विकणे आहे, कंडिशन उत्तम’ अशी एक आहे त्यात.

उद्यमबागवाला

भोकं उघडी ठेवा. सगळं जोडून झाल्यावर जोडांच्या फटी बुजवायला सीम सीलर, मग रंग, आणि शेवटी वाशाच्या आत पातळ मेण फवारा. मेण आधी मारलं आणि मग वेल्डिंग केलं तर पेट घेतं. हा क्रम पाठ करा.

खानापूर पाऊस

मग खुणेचं काय ठरलं?

टिळकवाडीचा मामा

आज सकाळी बैठक झाली, मिस्त्री, भाचा, गोकाकचा पोरगा आणि मी. ‘तां’, ‘गं’, ‘खा’ असं मी सुचवलं. तांब : घासून औषध. गंज : खपली काढून मग बघू. खाल्लं : कापून तुकडा. मिस्त्रींना पटलं. पोरगा म्हणाला, ‘खा’ बघून मला जेवायची सुट्टी वाटेल. त्याला विचारलं, तुमच्याकडं काय म्हणतात? म्हणाला, ‘तिंदैती’, खाल्लंय. म्हणजे तिकडंही खाणंच.

शेवटी त्यानंच खडू घेतला. घासायच्या जागी एक रेघ, खपलीच्या जागी दोन, कापायच्या जागी फुली. आता पोटाखाली सगळीकडं रेघा आणि फुल्या आहेत, अक्षर एक नाही. डाव्या वाशावर सात फुल्या. उजवा उद्या उघडणार.